ओव्या, फाँट आणि रिकामे ८० जीबी

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिणं झालं नाही. लॅपटॉपची कामं चालली होती. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि माझ्या लॅपटॉपचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. यंत्र चांगलं चालतंय, कीबोर्डवरची दोन-तीन अक्षरं पुसली गेलीत एवढंच. भाचा फोनवर म्हणाला, "मावशी, विंडोज पूर्ण उडवू आणि लिनक्स टाकू."

'पूर्ण उडवू' म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला.

कारण आईच्या ओव्या. २००२-०३ च्या सुमारास मी त्या तिच्याकडून ऐकून टाइप केल्या, २१४ भरल्या. जातं तर केव्हाच माळ्यावर गेलेलं, पण हात स्वस्थ ठेवून तिला ओवी आठवायचीच नाही. मग मांडीवर स्टीलची थाळी घेऊन त्यावर हात गोल फिरवत ती सांगायची. आवाज टेप करून ठेवायची बुद्धी मला झाली नाही. छापील प्रत एक मामेबहीण वाचायला घेऊन गेली ती गेलीच. (बाई गं, हे वाचत असशील तर जरा शोध!)

हे टायपिंग युनिकोडमधलं नाही. तेव्हाच्या मराठी फाँटात मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत. ज्या सॉफ्टवेअरमध्ये मी टाइप केलं ते फक्त विंडोजवर चालतं. म्हणून ठरलं की दोन्ही ठेवायचं. लॅपटॉप सुरू करताना तो विचारेल, आज कोण?

"आधी बॅकअप," भाचा म्हणाला. मी पेन ड्राइव्हवर फाइल घेतली आणि शहाणपणा करून शेजाऱ्यांच्या काँप्युटरवर उघडून पाहिली. पानभर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं... एक ओळ मराठी नाही! फाइल आली होती, फाँट घरीच राहिला होता. इतकी वर्षं त्या पेन ड्राइव्हवर माझा केवढा भरवसा होता! मग विंडोजच्या फाँट्सच्या फोल्डरमधून तो फाँट शोधून सोबत ठेवला, आणि एक पीडीएफ केली, कारण पीडीएफ फाँट पोटात घेऊनच फिरते. ती भाच्याला आणि लेकीला मेल केली, शिवाय कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणली.

पुढची पायरी एन्क्रिप्शन. डिस्कला कुलूप असतं हेच मला माहीत नव्हतं, ते आपलं आपणच उघडत होतं. सुरू होण्याच्या व्यवस्थेत ढवळाढवळ केली की ते किल्ली मागू शकतं, ४८ आकड्यांची. सहा-सहाचे आठ गट गॅसचा नंबर लिहिलेल्या वहीत उतरवले, भाच्याला फोनवर वाचून दाखवले. एवढं करून त्याने ते एन्क्रिप्शन बंदच करायला लावलं. असो, वही तयार आहे.

मग 'फास्ट स्टार्टअप' बंद केलं. ते चालू असलं की शट डाउन करूनही विंडोज पुरतं बंद होत नाही, थोडं डिस्कवर तसंच मांडून ठेवतं. दार नुसतं लोटलेलं, कडी नाही. अशा वेळी लिनक्सने आत शिरून काही लिहिलं तर फाइली बिघडू शकतात.

जागा मोकळी करताना मात्र अडलं. निम्मी डिस्क रिकामी असून विंडोज ८० जीबी सोडायला तयार होईना. त्याच्या काही फाइली मध्येच ठाण मांडून बसतात, जागच्या हलत नाहीत. हायबरनेशन बंद केलं, पेज फाइल तात्पुरती काढली, रिस्टार्ट केलं, तेव्हा कुठे गाडी हलली. आकडा एमबीत द्यायचा असतो. ८० ला १०२४ ने गुणून ८१९२०, वहीच्या मागच्या पानावर. डिस्कच्या पट्टीवर शेवटी काळी कडा उमटली, त्या तुकड्याला मुद्दाम फॉरमॅट केलेलं नाही, ते लिनक्सचं इन्स्टॉलर करील. पेज फाइल परत लावली, लॅपटॉप बंद करून चालू केला आणि पहिल्यांदा ओव्या उघडल्या. जागेवर होत्या.

रात्री छापील पानं घेऊन बसले. तिसऱ्या ओवीपाशीच थांबले. मी लिहिलंय 'होतं'. आई 'व्हतं' म्हणायची. पुढे 'पाणी', ती 'पानी' म्हणायची. मराठीची शिक्षिका ना मी! तिच्या शेजारी बसून, तिला न सांगता, मी तिचं शुद्धलेखन तपासलं होतं. आणि तेच आता तीन ठिकाणी जपून ठेवलंय.

भाचा रविवारी पेन ड्राइव्ह घेऊन यायचा आहे. तोवर जिथे तिचा उच्चार अजून कानात आहे तिथे पेन्सिलीने दुरुस्ती करतेय. आतापर्यंत सतरा जागा झाल्या. काही ठिकाणी नुसतं प्रश्नचिन्ह घातलंय.