उसना विस्तव

आम्हा मराठवाड्यातल्या माणसांचा ढगांवर फारसा विश्वास नसतो. मृग-आर्द्रा कोरडी घालवणारे आणि कापसाची बोंडे फुटली की नेमके बरसणारे ढग आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत. त्यामुळे मानवतच्या एका जिनिंग कारखान्याचे सारे हिशेब 'क्लाउड'वर, म्हणजे ढगात, ठेवले आहेत, असे माझ्या पुतण्याने प्रथम सांगितले तेव्हा मी त्याच्याकडे जरा काळजीनेच पाहिले. पुढे कळले, की हा ढग आभाळात नसतोच. एखाद्या मोठ्या शहरातल्या थंडगार इमारतीत, कपाटांच्या रांगांत तो असतो. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुण्याकडे आणि अ‍ॅमेझॉनने २०१६ साली मुंबईत आपली अशी केंद्रे उघडली. तिथल्या एका थोरल्या यंत्रात अनेक बिऱ्हाडे पाडून ती भाड्याने देतात. आपला सर्व्हर म्हणजे त्या वाड्यातले एक बिऱ्हाड. भाडे दरमहा द्यायचे. वाड्याचे तोंड मात्र जन्मात पाहायचे नाही!

गेल्या वर्षी दिवाळी चार दिवसांवर असताना पुतण्याचे हे बिऱ्हाड आतून बंद झाले.

मानवत कापसाचे गाव. हंगाम लागला की ट्रॅक्टर-टेम्पोंच्या रांगा लागतात. गाडी काट्यावर चढते, वजन होते आणि काटापट्टी शेतकऱ्याच्या हाती पडते. तीन दिवसांच्या पट्ट्यांची नोंद त्या सर्व्हरवर होती आणि दुसऱ्या दिवशी तिच्यावरून लोकांच्या खात्यांत पैसे जायचे होते. कुणाच्या मुलांचे कपडे, कुणाच्या लेकीचे माहेरपण, कुणाची किराण्याची उधारी, सारे त्यात अडकले होते.

पुतण्या म्हणाला, "काका, सर्व्हर उठत नाही."

"मेला की काय रे?"

"मेला नाही हो. उठत नाही."

हा भेद मला त्या रात्री कळला आणि फार आवडला. यंत्राने जागे होण्याला 'बूट होणे' म्हणतात. हा बूट पायांतलाच! स्वतःच्या बुटाचे बंद ओढून स्वतःलाच वर उचलायचे, अशी इंग्रजीत एक अचाट कल्पना आहे. तिच्यावरून तो शब्द आला. आधी एक चिमुकला प्रोग्राम जागा होतो, तो दुसऱ्या थोराला उठवतो, तो घरातल्या बाकी मंडळींना. या साखळीत एक कडी अडली, तरी घर निजलेलेच राहते. पण कोठीतले धान्य कुठे जात नाही. ते जागच्या जागी असते.

फोनवरून एका माहितगाराने सल्ला दिला, "पुसून टाका आणि नवा उभा करा." घाबरलेल्या माणसाला असले सल्ले पटकन पटतात. पण वेगळी ठेवलेली नक्कल चार दिवसांपूर्वीची होती. म्हणजे नेमके ते तीन दिवस पुसले गेले असते. पुतण्याने मान हलवली, आणि बंद पडलेल्या डिस्कची जशीच्या तशी एक प्रत आधी काढून ठेवली. मग त्याने सर्व्हर 'रेस्क्यू'मध्ये सुरू केला.

म्हणजे असे, की वाड्याचा मालक आपल्याजवळची एक छोटी, धडधाकट लिनक्स प्रणाली घटकाभर उसनी देतो. यंत्र तिच्या बळावर जागे होते. आपली आजारी डिस्क बाजूला स्वस्थ पडून राहते, आणि बाहेरून आलेला हा पाहुणा तिचे कपाट उघडून पाहू शकतो. पुतण्याने आधी ते नुसते पाहण्यापुरते उघडले. पट्ट्या होत्या. सगळ्या होत्या. तो काही बोलला नाही, पण खुर्चीत मागे टेकून बसला.

मग दुखणे सापडले. 'एफएसटॅब' नावाची एक याद असते. उठताना कोणकोणत्या डिस्क जोडायच्या, ते तीत लिहिलेले असते. पूर्वी कुणीतरी भाड्याने घेतलेली जास्तीची डिस्क परत केली होती, पण यादीतले तिचे नाव तसेच राहिले होते. यंत्र उठता उठता तिची वाट पाहत दीड मिनिट थांबे, आणि ती येत नाही म्हटल्यावर 'इमर्जन्सी मोड'मध्ये बसून राही. पंगत मांडली आहे, पाने वाढली आहेत, आणि मानाचा पाहुणा आला नाही म्हणून सारे हात बांधून बसले आहेत! पुतण्याने ती ओळ काढली. अशा नावापुढे 'नोफेल' असा एक शब्द लिहिण्याचीही सोय असते म्हणे. त्याचा अर्थ, पाहुणा नाही आला तरी पंगत सुरू करा. लग्नाच्या याद्यांतही हा शब्द लिहायची सोय हवी होती.

उसनी प्रणाली परत पाठवली, यंत्र पुन्हा सुरू केले, आणि ते उठले. पैसे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गेले.

दुखणे याहून खोल असते तेव्हा 'क्रूट' नावाचा उपाय करतात. बाहेरची प्रणाली आजारी डिस्कच्या देहात शिरून तिथूनच कारभार करते. आपल्याकडे त्याला परकायाप्रवेश म्हणत! आणि अशी वेळ एकट्या मानवतवर येते असेही नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका सदोष फाइलने जगभरची सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पडली; विमानतळांवर माणसांच्या रांगा लागल्या, आपल्या देशात हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटावे लागले. तिथेही ढगातल्या कितीतरी यंत्रांवर इलाज हाच होता: आजारी डिस्क सोडवायची, दुसऱ्या निरोगी यंत्राला जोडायची, ती एक फाइल काढायची, आणि डिस्क घरी न्यायची.

मला राहून राहून माझ्या लहानपणीचा विस्तव आठवतो. आमच्या गल्लीत कुणाची चूल विझली, की घरातली पोर गोवरीचा तुकडा घेऊन शेजारी धावे. घरात पीठ असे, सरपण असे, भुकेली माणसे तर असतच. नसे तो एवढासा निखारा. शेजारीण तो देई आणि पुन्हा भाकरी थापायला लागे. तिने कधी आमची चूल पाडून नवी घालायला सांगितल्याचे मला आठवत नाही. विस्तव दिल्याने तिच्या चुलीतलेही काही कमी होत नसे.