ढोरवाट

बर्फावरून घसरत जाण्याची विद्या शेलारांत बसून शिकतां येत नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. आमच्या भोंवतीं यंत्रमागांचा खडखडाट आहे, मालाचीं गोदामें आहेत, पावसाळ्यांत दुथडी भरणारी कामवारी आहे. हिम तेवढें नाहीं. परंतु आमचा भाचा गुलमर्गास जाऊन स्कीचे प्राथमिक धडे घेऊन आला आणि तेव्हांपासून दर रविवारीं आमच्या ओसरीवर काश्मीर अवतरूं लागलें. त्याच्या सांगण्यांतील एक गोष्ट मात्र आमच्या मनांत ठसली. तेथें उतार दोन प्रकारचे. एक यंत्रानें दाबून सारखा केलेला. त्यावर शिक्षक असतात, सोबती असतात, पडलें तर हंसणारे असतात. दुसरा वर, जेथें दोरगाडी जवळजवळ ४,००० मीटर उंचीवर अफरवटाच्या अंगावर नेऊन सोडते तेथला. त्या मोकळ्या बर्फावर कोणीं वाट आंखलेली नसते. तिकडे जाणारे अंगावर संदेशयंत्र बांधतात आणि पाठीवर फावडें व लांब सळई नेतात. कारण तेथें माणूस पडला म्हणजे बहुधा त्याला आधीं शोधून काढावें लागतें. १ फेब्रुवारी २०२३ रोजीं त्याच अफरवटावर हिमलोट कोसळून दोन पोलिश प्रवासी मरण पावले. भाच्यानें हा दुसरा उतार खालून पाहिला होता, आणि तो पाहिल्यापासून पहिल्यांत त्याचें मन रमेना.

आमचेही रविवार आजवर पहिल्याच प्रकारच्या उतारावर गेले. आसनगांव स्थानकावर उतरावें, माहुलीचा पायथा गांठावा, मळलेल्या वाटेनें घाम गाळीत चढावें, आणि शेवटच्या टप्प्यास लोखंडी शिडी हात जोडून उभी असावी! पावसाळ्यांतील रविवारीं तर पुढें शंभर माणसें आणि मागें शंभर; वाट चुकण्याची इच्छा झाली तरी ती पुरी होणें कठीण. १६३६ सालीं शहाजीराजांनीं ज्या गडावर शेवटचा टिकाव धरला, तेथें आतां शिडीपाशीं रांग धरावी लागते. या गर्दीस नांवें ठेवण्याचा आमचा हेतु नाहीं. गादीवर लोळण्यापेक्षां तें शतपटीनें बरें. परंतु मळलेल्या वाटेवर चालणें हें पोटऱ्यांचें काम आहे; डोक्याचें काम तेथें दुसऱ्या कोणीं तरी पूर्वींच उरकून ठेवलेलें असतें.

तें काम एकदां आपण करून पाहावें म्हणून भाद्रपदाच्या अखेरीस आम्ही मामा-भाचे गुमताऱ्यास निघालों. शेलारहून वाड्याच्या सडकेनें गेलें कीं दुगाडचा फाटा लागतो. तेथून हा सुमारें २,००० फुटांचा रानानें वेढलेला गड दिसतो. यास शिडी नाहीं, गर्दी नाहीं, आणि वाटा मात्र नको तितक्या आहेत. लांकूडफाट्याच्या वाटा, गुरांच्या वाटा, पावसाच्या ओघळांनीं वाटेचें सोंग घेतलेलें तें निराळेंच. पहिल्याच फांट्यावर भाच्यानें अधिक रुंद वाट पसंत केली. इतक्यांत वरून मोळी घेऊन एक म्हातारी उतरत आली. ती म्हणाली, "ती ढोरवाट हाय, दादा. ढोरां पाण्यावर जातात. गडावर कशाला जातील?"

तिनें दाखविलेली वाट वर कारवींत शिरली आणि कमरेइतक्या गवतांत नाहींशी झाली. पुढें खुणेस उरली केवळ डोंगराची सोंड. डावीकडे नाळ आहे ना, उजवीकडे आभाळ दिसतें ना, एवढें पाहून पाऊल टाकावयाचें. दर पन्नास पावलांनीं आम्ही मागें वळून पाहत होतों, कारण चढतांना दिसणारा डोंगर आणि उतरतांना दिसणारा डोंगर हे दोन निराळे डोंगर असतात. नाळेच्या कडेस घसारा लागला, आणि त्याच वेळीं वरून ढग उतरला. दहा हातांवरचें झाड दिसेना.

धुक्याशीं या भूमीचें जुनें वैर आहे. १२ डिसेंबर १७८० रोजीं याच दुगाडाच्या परिसरांत रामचंद्र गणेश दाट धुक्याच्या आडोशानें कर्नल हार्टलेच्या फौजेवर चालून गेले. ज्या वसईसाठीं हा खटाटोप, ती आदल्याच दिवशीं गॉडर्डच्या हातीं पडली होती. एकाएकीं धुकें विरलें, इंग्रजांच्या तोफांस नेम सांपडला, आणि तो शूर सेनानी रणांत पडला. त्यांचा घात धुकें विरल्यानें झाला. आम्हांस तें विरेना म्हणून चिंता.

"मामा, अर्ध्या तासांत गड!" भाचा म्हणाला. तें कदाचित् खरेंही असेल. परंतु अर्धा तास चढण्यास पुरे होता. उतरण्याचा हिशेब त्यांत नव्हता. त्याची आई, म्हणजे आमची धाकटी बहीण, निघतांना कांहींएक बोलली नव्हती. तिनें केवळ भाकरीचें फडकें आमच्या हातीं दिलें होतें, त्याच्या हातीं नव्हे. आम्हीं परतावयाचें ठरविलें. भाचा रुसला, पण वळला.

उतरतांना मात्र तो गुरु आणि आम्ही शिष्य झालों. घसाऱ्यावर भीतीनें शरीर आपोआप डोंगराकडे कलतें, आणि तसें तें कललें कीं पायांवरचा भार सुटून दगड निसटतात. "अंग मागें टाकूं नका. पायांवर उभे राहा, टांच रोंवा," असें तो एकसारखें सांगत होता. बर्फावर नवशिका नेमका असाच मागें कलतो आणि पडतो, हें त्यास तेथें पहिल्याच दिवशीं शिकविलें होतें. आम्हीं दरीकडे तोंड करून, गुडघे सैल सोडून पावलें टाकलीं. दगड सरकत, त्यांच्याबरोबर आम्हीही हात-दोन हात सरकत असूं. पण तोल राही. त्या पाऊण तासांत भाच्याचा रुसवा केव्हां गेला तें त्यासही कळलें नाहीं.

पाड्यावर तीच म्हातारी मोळी टेकवून बसली होती. तिनें पाणी दिलें आणि वरचीं टाकीं पाहिलींत का म्हणून विचारलें. आम्हीं नाहीं म्हणतांच ती म्हणाली, "आतां नको. थंडी पडूं द्या, गवत बसूं द्या. मग माझा नातू येईल संगतीं."

भाच्यानें त्या नातवाचें नांव विचारून घेतलें.