द्राक्षमळ्यांच्या गांवचें रुग्णालय

फ्रान्स देशाच्या बर्गंडी प्रांतांत, दिजों शहराच्या दक्षिणेस सुमारें ४० किलोमीटरांवर बोन नांवाचें लहानसें तटबंदीचें गांव आहे. द्राक्षासवाकरितां तें सर्व जगांत विख्यात आहे. परंतु त्याचें खरें भूषण म्हणजे तेथील जुनें धर्मार्थ रुग्णालय होय. अख्खा दिवस हाताशीं असल्यामुळें आम्ही घाई न करतां प्रथम तिकडेच वळलों.

रस्त्यावरून पाहतां भिंत अगदीं साधी. पण आंत चौकांत पाऊल ठेवावें, तों रंगीबेरंगी चकचकीत कौलांचें छप्पर पैठणीच्या पदरासारखें डोळ्यांत भरतें! बर्गंडीच्या ड्यूकचा महामंत्री निकोला रोलां व त्याची पत्नी गिगोन द सालां यांनीं इ. स. १४४३ मध्यें हें रुग्णालय स्थापिलें. दीर्घ युद्धानें व लुटारू टोळ्यांनीं तो प्रांत तेव्हां नागवला होता. १४५२ च्या आरंभीं पहिला रुग्ण येथें आला. आतां ही वास्तु संग्रहालय झाली आहे. गरिबांच्या विस्तीर्ण दालनांत दोन्ही भिंतींशीं तांबड्या पडद्यांचे पलंग ओळीनें मांडलेले असून, रुग्णांस अंथरुणांतूनच उपासना दिसावी म्हणून टोकास प्रार्थनामंदिर आहे.

दुपारीं आम्ही एका थंडगार तळघरांत उतरलों. सुज्ञ वाचकांनीं भुवया चढवूं नयेत. येथें चव घेणें म्हणजे पिणें नव्हे. पेला उजेडापुढें धरावा, हलकेच फिरवून वास घ्यावा, घोट जिभेवर घोळवावा व अखेर पिकदाणींत टाकावा! तांबड्या आसवाचें द्राक्ष 'पिनो न्वार' हें एकच. तरीहि शेजारच्या दोन शेतांचे पेले आम्हांस निराळे लागले. उतार, माती व ऊन यांच्या फरकानें हा भेद पडतो. म्हणूनच येथें शेताच्या तुकड्यातुकड्यास स्वतंत्र नांव आहे. आणि या शेतांस युनेस्कोनें २०१५ सालीं जागतिक वारशाचा मान दिला आहे.

पंधराव्या शतकापासून भाविकांनीं रुग्णालयास असे मळे दान दिले; आज ते सुमारें ६० हेक्टर भरतात. त्यांच्या आसवाचा लिलाव १८५९ पासून होत आला आहे. हल्लीं तो नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारीं होतो, आणि उत्पन्न गांवच्या आधुनिक रुग्णालयाच्या कामीं लागतें.

ज्यानें इतक्यांस दरिद्री केलें त्यानें त्यांच्यासाठीं घर बांधावें हें योग्यच, असा टोमणा राजा अकरावा लुई यानें रोलांस मारल्याचें सांगतात. रोलांनेंच रोखिर व्हान डर वेडन या चित्रकाराकडून काढविलेलें अंतिम न्यायाचें चित्र येथें आहे. त्यांत देवदूताच्या तराजूंत पापाचें पारडें खालीं गेलेलें दिसतें. चित्रापुढें आम्ही बराच वेळ उभे राहिलों. मद्यास आमच्या घरांत थारा नाहीं, व त्यानें उद्ध्वस्त झालेले संसारहि आम्हीं पाहिले आहेत. परंतु दात्याचा हेतु कसाहि असो, त्यानें एकवेळची भिक्षा न घालतां कायमचें घर उभारलें, आणि पुढच्यांनीं त्यास जमीन जोडून दिली. म्हणूनच पांच शतकांहून अधिक काळ तेथें आजाऱ्यांस अंथरूण मिळालें. पारड्याचा निवाडा आम्हांस करवेना. त्या अंथरुणाचें मोल मात्र कळलें.