उलटी रेघ

पेन्सिलीची रेघ पुसता येते. पत्र्यावरची पुसता येत नाही. मुद्राचित्रणाच्या वर्गाने मला दिलेला हा पहिला धडा.

घरी आजी गोधड्या शिवते. तिच्या हातांच्या रेखाटनांनी माझी वही भरली होती. त्यातलेच एक एचिंगसाठी निवडले. झिंकच्या पत्र्यावर मेणाचा काळा लेप द्यायचा, सुईने तो खरवडून रेघ ओढायची आणि पत्रा सौम्य नायट्रिक आम्लात सोडायचा. उघडा पडलेला धातू आम्ल खाते. थोडा वेळ ठेवला तर रेघ फिकी, अधिक ठेवला तर खोल, काळी. म्हणजे इथे काळोख हाताच्या जोराने नव्हे, वेळेने येतो! नखांच्या रेघा वार्निशने लवकर झाकल्या. सुरकुत्यांना मात्र कितीतरी वेळ आम्लात राहावे लागले.

छाप उलटा येतो, म्हणून रेखाटन आरशात पाहून पत्र्यावर उतरवले. सवयीचे हात परके झाले, आणि सुई रेटून वाकडा झालेला आजीचा अंगठा मला तेव्हा प्रथम दिसला.

केथे कोलविट्झने १८९३ ते १८९७ या काळात विणकरांच्या उठावावर मुद्राचित्रांची मालिका केली. कष्टकऱ्यांचे दुःख तिने या माध्यमात का मांडले असेल, ते आता थोडे उमगते.

मी पाच छाप काढले. आजीने विचारले, "यातलं खरं कुठलं रे?"

पाचही खरीच, आजी. एक तुझ्या भिंतीला, चार परक्यांच्या. तुझे कष्ट आता पाच घरांत दिसतील.