हमरापूरची भरली घरे

पनवेलहून रोह्याकडे जाणारी गाडी आपटा आणि जिते ही स्थानके मागे टाकते, तेव्हा दोन्ही बाजूंना भाताची खाचरे पसरलेली असतात. पेणच्या अलीकडचे स्थानक हमरापूर. व्यापारी घराण्यांना पेण ठाऊक असते ते पोहे, पापड आणि मीठ यांमुळे. त्या पेठेच्या शेजारच्या या गावाचा माल मात्र निराळा आहे. हमरापूर, जोहे आणि आसपासच्या गावांत घरोघरी गणेशमूर्ती घडतात. मुंबई-पुण्यापासून परदेशातील मराठी घरांपर्यंत त्या पोहोचतात.

आषाढात येथे आलेल्या माणसाला घर कोठे संपते आणि कारखाना कोठे सुरू होतो हे सांगता येत नाही. ओटीवर मूर्ती, पडवीत मूर्ती, माजघरात भिंतीला लागून फळ्यांच्या उतरंडी आणि त्यांवरही मूर्ती. अंगणात प्लॅस्टिकच्या कापडाखाली आणखी शेकडो वाळत असतात. घरातील माणसे उरलेल्या चिंचोळ्या वाटेने ये-जा करतात. पाहुण्याला बसायला जागा करायची तर आधी दोन गणपती उचलावे लागतात. शेंदरी, राणी, मोरपिशी, जांभळा, हळदी असे सगळे रंग एका दृष्टिक्षेपात अंगावर येतात. शहरातील सजावटकार ज्याला आज भरगच्च शैली म्हणतात आणि जिच्यासाठी मोठे मानधन घेतात, ती येथे जागेच्या टंचाईतून आपोआप साकारली आहे.

या दृश्यामागचा हिशेब व्यापारी वाचकाला सहज कळेल. माती, प्लास्टर, रंग आणि मजुरी यांवर वर्षभर पैसा घालावा लागतो, आणि तो सुटतो भाद्रपदाच्या तोंडावर. एवढा काळ भांडवल अडकवून ठेवणे प्रत्येकाला झेपत नाही. म्हणून येथून न रंगवलेल्या, कच्च्या मूर्तीही मोठ्या प्रमाणावर विकल्या जातात. बाहेरगावचे कारखानदार त्या नेऊन आपापल्या गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणे रंगवतात. कच्च्या मूर्तीत नफा कमी, पण पैसा लवकर मोकळा होतो. रंगवलेल्या मूर्तीत कमाई अधिक, मात्र एखादा सर कोसळून शिडकावा आत आला तर नुकसानही तितकेच.

खरा पाहण्याजोगा भाग रंगकामाचा. प्रथम मूर्तीला पांढऱ्या रंगाचा हात दिला जातो. मग फवाऱ्याने अंगाचा रंग, त्यानंतर पीतांबर आणि शेला, मग दागिन्यांवर सोनेरी. डोळ्यांची आखणी सर्वांत शेवटी, आणि तीही जाणत्या हाताकडे. हा क्रम मोडत नाही. गिऱ्हाईक लालबागच्या राजासारखी मागो वा दगडूशेठच्या गणपतीसारखी, मुकुटावर खडे चढोत वा खरे रेशमी धोतर नेसवले जावो, सोनेरी रंग पीतांबराच्या आधी लागत नाही.

आणखी एक गोष्ट थोडे थांबून पाहिल्यावरच ध्यानात येते. अतिशय नटलेल्या मूर्तीचेही गाल, सोंड आणि पोट मोकळे सोडलेले असते. मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा, आसन यांवर कारागिराने हात राखलेला नसतो; पण या तीन जागी त्याने बहुधा एका रंगाची सपाटी ठेवलेली असते. मोकळ्या गालामुळेच खड्यांचा मुकुट भारदस्त वाटतो. तेथेही वेलबुट्टी भरली असती, तर नजरेला टेकायला जागा उरली नसती.

घर सजवताना नेमके येथेच चुकते. गेल्या काही वर्षांत शहरातील सदनिका पांढऱ्या आणि राखाडी झाल्या; त्याचा कंटाळा आला तेव्हा अनेकांनी एकदम फुलाफुलांचे भिंतकागद, गडद मखमली बैठका, पितळी दिवे आणि झुंबरे एकाच दालनात आणली. वस्तू महाग होत्या, पण गालाची जागा कोणी राखली नाही. ज्यांनी इंदूरचे काच मंदिर पाहिले आहे त्यांना हा फरक चटकन समजेल. सर सेठ हुकुमचंद यांनी उभारलेल्या त्या मंदिरात भिंती, छत, खांब आणि जमीनदेखील काचकामाने मढलेली आहे. पण त्या लखलखाटात आत मूर्ती मात्र शांत बसलेली आहे, आणि सारी झगमग तिच्याभोवतीची प्रभावळ ठरते. पर्युषणात देरासरात रचली जाणारी आंगी कितीही भरजरी असली, तरी मुखाकडेच नजर जाते, हे तर घरातल्या लहान मुलांनाही माहीत असते.

हमरापूरपुढे सध्या वेगळाच पेच आहे. २०१८ साली महाराष्ट्रात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली आणि घरोघरीची मखरे बदलली. १२ मे २०२० रोजी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मूर्तिविसर्जनाची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत प्लास्टर ऑफ पॅरिसला नकार आहे, रंग नैसर्गिक असावेत आणि दागिनेही सुकी फुले, गवत अशा वस्तूंचे असावेत असा आग्रह आहे. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्लास्टरच्या मूर्ती घडवण्यास मोकळीक दिली, पण त्यांचे विसर्जन नैसर्गिक पाण्यात करण्यास मनाई कायम ठेवली. पाण्याची बाजू रास्त आहे, यात वाद नाही. मात्र प्लास्टर स्वस्त, हलके आणि झटपट वाळणारे. त्याच्या गुळगुळीत अंगावर तो सारा झगमगाट सहज चढत असे. शाडूची माती गुजरातमधून आणावी लागते. ती जड असते, पावसाळी हवेत वाळायला दिवस घेते आणि घाई केली तर तडकते. एका माणसाचे दिवसाचे काम त्यामुळे कितीतरी कमी भरते.

शाडूवर रंग मातीत मुरतो आणि मंद दिसतो. काही कारागीर आता त्या मंदपणाशीच जुळवून घेतात: एखादाच गडद पीतांबर, हळदीचा पिवळा, गेरूचा तांबडा, आणि सोनेरी फक्त मुकुटाच्या कडेला. गिऱ्हाइकांपैकी काहींना ते फिके वाटते आणि ती खड्यांची मूर्ती मागतात. काही जण शाडूचीच मूर्ती मागून, किंमत ऐकून थोडे घुटमळतात.

चतुर्थीच्या आदल्या रात्रीपर्यंत गाड्या भरत राहतात. मग एका सकाळी फळ्या रिकाम्या होतात, माजघराची भिंत कित्येक महिन्यांनी प्रथम दिसते, आणि तिच्यावर फवाऱ्याने उडालेल्या रंगांचे थर असतात: शेंदरीवर जांभळा, जांभळ्यावर सोनेरी. कोपऱ्यात पाटावर घरचा गणपती बसतो. तो बहुधा लहान असतो, आणि त्याला रंगवायला सर्वांत शेवटी सवड मिळालेली असते.