पुण्यात झालंय हे कळेपर्यंत

'प्रिन्स ऑफ पर्शिया' या कॉम्प्युटर गेमवर माझं प्रेम आहे, हे मी तीस वर्षं सगळ्यांना सांगत आलोय. त्या प्रेमाच्या आडून मी काय काय बोललो, ते आज पहिल्यांदा लिहितोय.

शाळेत असताना कॉम्प्युटर क्लासचे सर बाहेर गेले की आम्ही खेळ सुरू करायला 'प्रिन्स मेगाहिट' टाइप करायचो. साठ मिनिटांत राजकन्येला सोडवायचं. खाली खिळे, पायाखाली निसटणाऱ्या फरश्या. पडद्यावरचा तो मुलगा अगदी खऱ्या माणसासारखा पळायचा, कठड्याला लोंबकळायचा. जॉर्डन मेक्नरने धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रण केलं आणि त्यावरून १९८९च्या या खेळातल्या हालचाली काढल्या, हे मला फार उशिरा कळलं.

२००३मध्ये त्याच मालिकेतला 'द सँड्स ऑफ टाइम' आला. खंजिराने काळ मागे फिरवणारा तो राजपुत्र मला पहिल्यापेक्षाही जवळचा वाटला. पुढच्याच वर्षी 'वॉरियर विदिन'मध्ये त्याला संतापी, रक्ताळलेला करून टाकलं. मला आवडलं नाही. पण 'प्रयोग आहे, करू देत' म्हणून मी सोडून दिलं.

सप्टेंबर २०२०मध्ये 'सँड्स ऑफ टाइम' नव्याने येणार असल्याचा ट्रेलर आला. रात्री एकट्याने पाहिला. राजपुत्राला आवाज पूर्वीचाच, युरी लोवेन्थालचा. अंगावर काटा आला. चेहरे मेणाचे वाटले खरे, पण तिकडे फारसं लक्ष गेलं नाही. सकाळी कळलं की हे काम युबिसॉफ्ट कंपनीच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे आहे. ट्रेलर पुन्हा लावला. या वेळी मला फक्त चेहरेच दिसले.

टीका जगभरातून होत होती, त्यामुळे माझं फावलं. पण लोक चित्रांना नावं ठेवत होते, मी माणसांना. 'आपल्याकडे हे जमायचंच नाही,' असं मी भेटेल त्याला सांगत सुटलो. मी स्वतः पुण्यात राहतो.

मे २०२२मध्ये ते काम माँट्रियलच्या स्टुडिओकडे गेल्याचं जाहीर झालं. त्या रविवारी बहिणीकडे जेवताना मी म्हणालो, "सुटलो. आता योग्य हातात गेला." समोर भाची बसली होती. ती दुसऱ्या एका कंपनीत खेळांसाठी अॅनिमेशन करते. तिने पानातला हात थांबवला आणि शांतपणे विचारलं, "मामा, पुण्यात झालंय हे कळायच्या आधी तुला तो ट्रेलर कसा वाटला होता?"

मला खोटं बोलता आलं असतं. मी काहीच बोललो नाही. तीही पुढे काही म्हणाली नाही. भात कालवत राहिली. एखादा माणूस कड्याची धार कशी पकडेल, बोटं आधी टेकतील की तळहात, यासाठी ती दोन-दोन दिवस घालवते, हे मला ठाऊक होतं. तिच्या कामाचं मी चारचौघांत कौतुक करायचो. आणि तिच्याच समोर, तिच्यासारख्यांच्या लायकीवर मी दोन वर्षं बोलत होतो.

घरी येताना मला पहिल्या खेळातली सावली आठवली. आरशातून उडी मारली की राजपुत्राची सावली सुटी होते आणि शेवटी तलवार घेऊन समोर उभी राहते. तिच्यावर वार केला की आपलीच ताकद कमी होते. तलवार म्यान करून पुढे गेलं तरच ती आपल्यात मिसळते. कॉम्प्युटरच्या मेमरीत नवं पात्र बसेना, म्हणून मेक्नरने राजपुत्राच्याच चित्रांतून ती सावली घडवली होती. ही गोष्ट मी भाचीला कितीतरी वेळा रंगवून सांगितली होती. तिकडची अडचण मला प्रतिभा वाटायची आणि इकडची अडचण नालायकी. 'वॉरियर विदिन'ला जी सूट मी न मागता दिली, ती माझ्याच गावातल्या लोकांना नाकारली. हा चोखंदळपणा नव्हता, न्यूनगंड होता, आणि तो मी दुसऱ्यांच्या माथी मारत होतो.

भाचीची माफी मी त्या दिवशी मागितली नाही. दोन महिन्यांनी मागितली.

ट्रेलरमधले ते चेहरे मला आजही कच्चे वाटतात. पण ते घडवणाऱ्यांपैकी कुणी हे वाचत असेल, तर एवढंच सांगायचंय: पहिल्या रात्री मला तो आवडला होता.