ही भिंत कोणाची?

रस्त्याने जाताना एखाद्या भिंतीवर मोठे चित्र दिसले, की ‘हे कोणी काढले असेल?’ असा प्रश्न आपल्या मनात येतो. अशी चित्रे काढणाऱ्यांपैकी मी एक आहे. मला मात्र ब्रश उचलण्यापूर्वी वेगळाच प्रश्न विचारावा लागतो: ही भिंत कोणाची? त्याचे खरे उत्तर मला माझ्या आईच्या आजारपणात सापडले. आपल्याही घरी कोणी वृद्ध असेल, तर ते आपल्या उपयोगी पडावे म्हणून हे लिहीत आहे.

तरुणपणी हा प्रश्न मला पडत नसे. रात्री मित्रांबरोबर स्प्रेचे डबे घेऊन निघावे आणि कोणाला चाहूल लागण्याआधी काम उरकावे, यातच मौज वाटे. पुढे ऑगस्ट २००९मध्ये मुंबईच्या तुळशी पाईप रोडवर, रेल्वेलगतच्या लांबच लांब भिंतीवर, महापालिकेच्या संमतीने शेकडो लोकांनी चित्रे काढली. त्यांत चित्रकार होते, तसेच कधी ब्रश न धरलेलेही होते. मीही तेथे काही फूट भिंत रंगवली. दिवसाढवळ्या, जाणाऱ्यायेणाऱ्यांशी बोलत काम करण्याचा माझा तो पहिलाच प्रसंग. विनापरवाना भिंत विद्रूप करण्यास आपल्या राज्यात १९९५च्या कायद्याने मनाई आहे, हे खरे. पण परवानगी केवळ कायद्यासाठी नसते, हे मला तेथे उमगले. चित्रकार काम आटोपून निघून जातो. ते चित्र रोज पाहावे लागते ते समोरच्या खिडकीतल्या माणसाला. तेव्हापासून मी मालकाबरोबर त्या माणसालाही विचारू लागलो.

एका भिंतीच्या बाबतीत मात्र मी विचारले नाही.

माझी आई निवृत्त शिक्षिका. वय ७९. चार वर्षांपूर्वी तिला स्मृतिभ्रंशाने गाठले. दिवस कलला, की ती अस्वस्थ होई. “मला घरी जायचंय,” असे ती स्वतःच्याच घरात उभी राहून म्हणे. एका संध्याकाळी ती कोणाला न कळता बाहेर पडली आणि दोन तासांनी स्टेशनजवळ सापडली. पायांत चपला नव्हत्या. त्या रात्री ताई रडत म्हणाली, “अरे, तू जगाच्या भिंती रंगवतोस. आपल्या दाराचं काहीतरी कर ना!”

परदेशांतील काही शुश्रूषागृहांत बाहेरचे दार रुग्णाच्या लक्षात येऊ नये म्हणून त्यावर पुस्तकांच्या कपाटाचे चित्र लावतात, हे मला ठाऊक होते. मी दोन दिवस खपून दाराच्या आतल्या बाजूस तसेच कपाट रंगवले. पुस्तकांच्या कडा, त्यांच्या सावल्या, सारे हुबेहूब. आई बाहेर जाईनाशी झाली. मला माझ्या कौशल्याचा अभिमानही वाटला.

आठवड्याने पाहिले, तर आई त्या दारासमोर उभी राहून एका पुस्तकाची कड नखांनी ओढत होती. मला पाहून ओशाळली आणि म्हणाली, “माझंच कपाट, आणि मलाच उघडत नाही रे!”

रस्त्यावरही आम्ही डोळ्यांना फसवणारी चित्रे काढतो. पण तेथे पाहणारा क्षणभर फसतो, मग हसतो, आणि त्या गमतीत सामील होतो. आईला त्या गमतीत सामील होण्याची वाटच मी ठेवली नव्हती. ज्यांनी घरी असा उपाय केला असेल, त्यांना मी दोष देत नाही. रात्र रात्र जागणाऱ्याची दमछाक मी जाणतो. मी मात्र ते कपाट पुसून टाकले. दाराला घंटी बांधली, आईच्या बटव्यात पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक शिवला, शेजाऱ्यांना व रखवालदाराला विश्वासात घेतले.

मग दाराशेजारची भिंत गेरूच्या रंगाने रंगवली आणि आईला विचारले, “इथे काय काढू?” ती बोलली नाही. दोन दिवसांनी तिने माझ्या हातातला खडू घेतला आणि ठिपके मांडू लागली. रांगोळीचे ठिपके! नावे विसरलेल्या या बाईची बोटे अंतर बरोबर राखीत होती. हातात मुरलेली कसबे या आजारात पुष्कळदा उशिरापर्यंत टिकतात, हे मी ऐकले होते. त्या दिवशी पाहिले.

पोर्तुगालमधील लिस्बन शहरात २०१२पासून ‘लाटा ६५’ नावाचा उपक्रम चालतो. लारा सेशू रोद्रीगेश यांनी सुरू केलेल्या या कार्यशाळांत आजीआजोबा कागदाचे छाप कापतात आणि रस्त्यावरच्या भिंतीवर स्वतः स्प्रे मारतात. आपल्याला इतके दूर जाण्याची गरज नाही. घरातली एखादी भिंत, खडू किंवा पाण्यात मिसळणारा रंग आणि जाड दांड्याचा ब्रश पुरे. स्प्रेच्या डब्यांचा वास बंद खोलीत बाधतो, म्हणून ते टाळावेत. वृद्धांना शिडीवर चढू देऊ नये. खुर्चीवर बसून हात पोहोचेल तेवढीच भिंत त्यांची. थकवा दिसताच थांबावे. चूक दुरुस्त करण्याचा मोह आपणच आवरावा.

आईचा आजार याने बरा झालेला नाही. काही संध्याकाळी ती आजही घरी जायला निघते. तेव्हा मी चपला घालतो आणि तिच्यासोबत चालतो. रात्री भिंत ओल्या फडक्याने पुसतो. रस्त्यावरची माझी कित्येक चित्रे चुन्याखाली गेली. त्यांबद्दल मी पूर्वी हळहळत असे. रांगोळी तर रोज पुसण्यासाठीच असते.

परवा पुसायचे राहून गेले. सकाळी आईने भिंतीकडे निरखून पाहिले आणि विचारले, “हे कोणी काढलं रे?”

“तूच, आई.”

“छे! तिसऱ्या ओळीत एक ठिपका कमी आहे,” ती म्हणाली, आणि तिने खडूसाठी हात पुढे केला.